साखर दोनदा

चार्टर्स टॉवर्स
१६ ऑक्टोबर १९८३

चि. नेव्हिलस डॉरीनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खाणीतलं जेवण आवडत नाही म्हणतोस, पण फोटोत गाल तर वर आलेत. इकडे उकाडा आत्तापासूनच जीव काढतोय. तुझ्या मेव्हण्यानं, मर्व्हनं, घरी बिअर करायच्या किटचा डबा आणला होता. पिंपातलं बुडबुडणं थांबलं म्हणून काल मी बाटल्या भरल्या. नाताळापर्यंत मुरतील. बाबा प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर घालायचे ना, डब्यावरच्या कागदात सोपं सांगितलंय: सगळी साखर उकळून एकदम पिंपात ओतायची, मग बाटल्या भरायच्या. मी तसंच केलं. बाटल्या घराखाली, घर ज्यांवर उभं आहे त्या खांबांच्या मधे ठेवल्यात, म्हणजे बरोबर माझ्या स्वयंपाकघराखाली.

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, कारण डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हाताची बोटं झाकणं दाबायच्या यंत्रात सापडली. काळजीचं काही नाही.

आठवण ठेव आणि लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई, डॉरीन


माउंट आयझा
२३ ऑक्टोबर १९८३

ती. डॉरीनताईस, सा. न. वि. वि.

मी आनंदात आहे. गालांना नावं ठेवू नकोस, ते आपल्या आईचे आहेत.

ताई, त्याच यंत्रानं बाबांच्या बाटल्यांना झाकणं बसवत मी लहानाचा मोठा झालो. त्याचे दोन दांडे दोन हातांनी धरून दाबावे लागतात. बोटं सापडायला तिसरा हात लागतो. तो कुणाचा होता, ते मला लिही. गेल्या नाताळात मर्व्हनं माझा दात पाडला, तेव्हा जमिनीवर पाणी होतं, नेव्ह घसरला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी गप्प बसलो, कारण तू डोळ्यांनी तसं विनवलंस. या वेळी बसणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण खरं लिही. लोभ आहेच, तो असाच असू दे.
तुझा नेव्ह


चार्टर्स टॉवर्स
३० ऑक्टोबर १९८३

चि. नेव्हिलस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलंस, म्हणून लिहिते. झाकणं लावायची बाकी होती, तेवढ्यात मर्व्ह पबमधून आला. बरोबर त्याचा दोस्त अर्नी. बाटल्यांजवळ चमचा नाही हे पाहून मर्व्हनं विचारलं, साखर कुठाय. मी म्हटलं, पिंपात घातलीय. तो म्हणाला, माझा बाप बाटलीत घालायचा, त्याचा बाप बाटलीत घालायचा, आणि तू कोण टिकोजीराव लागून गेलीस. मी म्हटलं, दोनदा पडली तर आत वारा कोंडून बाटल्या फुटतील. अर्नी हसला. तिथंच चुकलं. अर्नी हसला नसता तर कदाचित शिव्यांवर निभावलं असतं.

पिंप ढवळायचा लाकडी दांडा मर्व्हनं माझ्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, अर्नीलाही आला असणार, कारण तो बुटांकडे बघत राहिला. मग मर्व्हनं चमचा माझ्या डाव्या हातात दिला आणि प्रत्येक बाटलीत साखर माझ्याकडूनच घालून घेतली. झाकणं त्यानं लावली आणि त्यांवर लाल रंग फासला. आता एखादं झाकण सैल करून वारा सोडू म्हटलं, तर रंग तडकणार आणि त्याला कळणार.

मी स्वयंपाक करते आणि माझ्या पायाखाली त्या बाटल्या आहेत. मला फार भीती वाटते, नेव्ह. त्याची आणि बाटल्यांची सारखीच.

आडून आडून कुणाकडे चौकशा करू नकोस. माया ठेव.
डॉरीन


माउंट आयझा
४ नोव्हेंबर १९८३

ती. डॉरीनताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी भिंतीवर मूठ मारली. आता आपण दोघंही डाव्या हाताचे झालो.

ताई, एक फुटली की शेजारची फुटते, हे तुला ठाऊक आहे. घराखाली उतरू नकोस. शेजारच्या टूहीबाईंकडे जा, नाहीतर गाडीत बसून सरळ इकडे ये, माझी खोली आहे. नवऱ्याला सोडलं म्हणून गाव काय म्हणेल याचा विचार करत असशील, तर गावानं तुझी बोटं बघितलीत आणि तोंड बंद ठेवलंय. सुट्टी मिळताच मी येतोच, पण तोवर थांबू नकोस.

लोभ असावा म्हणत नाही, तू असावीस.
नेव्ह


चार्टर्स टॉवर्स
१४ नोव्हेंबर १९८३

चि. नेव्हिलस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी जिवंत आहे, हे आधी.

शनिवारी दुपारी मर्व्ह आणि अर्नी अंगणात मांस भाजत होते. घराखाली एक बाटली फुटली. बंदूक उडाल्यासारखा आवाज, आणि काच खालून स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीत घुसली. मर्व्ह वर आला आणि त्यानं माझे केस धरून मला जिन्यावरून खाली ओढत नेलं. म्हणाला, तूच भरल्यास, आता तूच बाटल्यांची खोकी उचलून बाहेर आण. स्वतः आत पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती. माझा एक हात झोळीत. मी खांबाला पाठ लावली आणि म्हटलं, नाही उचलत. लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं. त्यानं मला दोनदा खांबावर आपटलं, तरी मी नाहीच म्हणत राहिले. मग चिडून त्यानं जवळच्या खोक्याला लाथ घातली.

मी खांबामागे पडले होते म्हणून वाचले. एकामागून एक सगळं उडालं. फेस आणि रक्त एकत्र वाहत होतं. त्याच्या मांडीतून धार लागली होती, एक डोळा गेलेलाच दिसत होता. अर्नी कुंपणापाशी उभा राहून ओकत होता. मी गळ्यातली झोळी काढली आणि डाव्या हातानं नि दातांनी त्याच्या मांडीला करकचून बांधली. मरू द्यावं असं वाटलं, खोटं नाही सांगत. पण हात गाठ आवळत राहिला.

तो जगला. काल इस्पितळात त्यानं पोलिसाला सांगितलं, की बायकोनं मारायला म्हणून साखर दोनदा घातली. पोलीस घरी आला. साखर तुम्ही घातलीत का, विचारलं. हो, दोन्ही वेळा मीच, मी म्हटलं. त्यानं विचारलं, कोणत्या हातानं. मी सांगितलं, पहिल्यांदा उजव्या, दुसऱ्यांदा डाव्या. आणि मोडलेला हात त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तेव्हा तिथं अर्नी होता, हेही सांगितलं. मग त्यानं अर्नीला बोलावणं धाडलं. अर्नीनं या वेळी बुटांकडे बघितलं नाही म्हणे, सगळं सांगितलं.

बुधवारच्या गाडीनं येते. सामान फार नाही. तुझ्याकडे जुनं पिंप असेल तर धुऊन ठेव. नाताळापर्यंत मुरायला आता उशीर झालाय, पण बिअर करू. साखर मी सांगेन तेव्हाच आणि तेवढीच पडेल.

स्टेशनवर भेट, बाकीचा लोभ तिथंच.
तुझी ताई, डॉरीन