बोटं उघडेपर्यंत

आई,

आपली चाळ पाडली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तिथे आता टॉवर आहे, आणि आम्हा जुन्या भाडेकरूंसाठी मागच्या अंगाला वेगळी इमारत. तिच्यात वरच्या मजल्यावर मी राहते. खिडकीतून करी रोडचा पूल दिसतो, पण माणसं ओळखू येत नाहीत, इतकी ती खाली आहेत. नळाला दिवसभर पाणी असतं. बाबांना हे घर बघायला मिळालं नाही, चाळ पाडल्यावर तात्पुरती मिळालेल्या ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीतच ते वारले. त्यामुळे एवढ्या सगळ्या सोयी मी एकटीच वापरते. चाळीत दारासमोरून जाणारा प्रत्येकजण आत डोकावायचा म्हणून तू चिडायचीस, भरदिवसा पडदा ओढायचीस. इथे पडदा लागतच नाही. शेजारच्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे ठाऊक आहे, इतकंच.

इथल्या दारांना आतून एक गोल मूठ असते. ती चिमटीत धरून पिळायची, मग दार उघडतं. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी बेल वाजवली आणि मला ती मूठ पिळता येईना. उजव्या हाताने केलं, डाव्या हाताने केलं. बोटं मिटतही नव्हती नि नीट सरळही होत नव्हती, जणू कुणी रात्रीतून सांध्यांत लाकूड ठोकून ठेवलं होतं. टॉवेल गुंडाळून बघितलं, दोन्ही मनगटांमध्ये धरून बघितलं. बाईंनी पुन्हा बेल वाजवली. मी आतून म्हटलं, थांबा जरा. त्या थोडं थांबल्या असतील, मग त्यांची गाडी पुढे गेल्याचा आवाज आला. त्यांनाही पुढचे मजले करायचे असतात. मी दाराला पाठ टेकून उभी राहिले. हातांची भीती मला तेव्हा वाटली नाही, आई. आतून हाक मारायची वेळ आली तर कुणाला मारायची, ते सुचेना, आणि मी त्याला घाबरले. मग ऊन वर आलं, बोटं सुटली, दार उघडलं, आणि मी ऑफिसला गेले.

हे अचानक झालं नव्हतं. त्याआधी कित्येक आठवडे सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. बोटांच्या मुळाशी सूज यायची, दोन्ही हातांना सारखीच. दुपारपर्यंत कमी व्हायची, म्हणून मी तिला मोजत नव्हते. दिवसभर कॉम्प्युटरवर बसते, त्याचं असेल. वय झालं, पाळी गेली, त्याचं असेल. ऑफिसातल्या एकीने मेथीचे लाडू आणून दिले, तेही खाल्ले. संध्याकाळी घरी आल्यावर असा थकवा यायचा की चपला न काढता मी खुर्चीत बसून राहायचे. पण मला असं बसलेलं बघणारं कुणी नव्हतं. बघणारं कुणी असलं की माणूस लवकर डॉक्टरकडे जातो, असं मला आता वाटतं. निदान कुणीतरी कटकट तरी करतं.

दाराच्या त्या प्रकारानंतर मी परळच्या हॉस्पिटलात गेले. त्याच, जिथे तुला नेलं होतं. सांध्यांच्या आजारांची डॉक्टर वेगळी असते, हेही मला तिथेच कळलं. माझ्या मुलीच्या वयाची म्हणावी, मला मुलगी असती तर. तिने माझी बोटं एकेक करून दाबली, तिच्या तळव्यांवर माझे तळवे ठेवून जोर लावायला सांगितलं. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, विचारलं. मी म्हटलं, तासभर तरी, कधी जास्तच. हात वापरल्यावर बरं वाटतं की जास्त दुखतं? बरं वाटतं. मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का?

मी म्हटलं, आईला होतं.

"काय होतं त्यांना?"

"वात," मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. वात म्हणजे काय, हे मलाच पुढे सांगता येईना. आपल्या घरात तो एवढाच शब्द होता. तुला वात होता, बाबांना दमा होता, आणि दोन्ही गोष्टी देवाने वाटून दिल्यासारख्या आपण घेतल्या होत्या.

रक्त द्यायला रांगेत बसले होते, तेव्हा मला ते पातेलं आठवलं. मी शाळेत होते. पहाटे लघवीला उठले, तर तू मोरीच्या काठावर बसलेली, समोर वाफा निघणाऱ्या पाण्याचं पातेलं आणि त्यात तुझे दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवलेले. मी विचारलं, काय करतेस? तू म्हणालीस, "आवाज करू नको. बापूस निजलो हा." मला वाटलं, थंडी वाजत असेल. पण ते दिवस मिरच्यांचे होते, आई, ऐन वैशाखाचे. बाबा गॅलरीत उघड्यावर झोपत होते इतकं उकडत होतं, आणि तू कढत पाण्यात हात घालून बसली होतीस. सगळी चाळ म्हणायची, हिला पहाटे उठायची सवय, हिच्याआधी कुणाची चूल पेटत नाही. मीही ते मोठेपणाने सांगायचे. तू चूल लवकर पेटवायला उठत नव्हतीस. तुझी बोटं उघडायला तो वेळ लागत होता. आम्ही उठायचो तेव्हा ती उघडलेली असायची, कणीक मळून झालेली असायची, म्हणून आम्हाला काही दिसलंच नाही.

आणि त्याच बोटांनी तू लालबागला मसाल्याच्या दुकानामागे बसून मिरच्यांची देठं खुडायचीस. होळीपासून पाऊस येईपर्यंत रोज. बाबांची गिरणी बंद झालेली, त्यांना वॉचमनची नोकरी कधी असायची, कधी नसायची. मी कधीकधी शाळेतून थेट तुझ्याकडे यायचे, नाकाला ओढणी लावून उंबऱ्याशी उभी राहायचे. बायकांच्या गप्पा चालू असायच्या आणि तू सगळ्यांत कमी बोलायचीस. तुझा ढीग सर्वांच्या मागून संपायचा. एकदा मी घरी परात ओढून घेतली, म्हटलं मी मळते कणीक. तू इतकी कडाडलीस की मी मागे सरले. "दी हकडे. माजे हात अजून गळान पडाक नाय." तेव्हा मला वाटलं होतं, माझा स्वयंपाक तुला आवडत नाही.

मामाच्या लग्नाआधी कासारीण आली होती, ते तुला आठवतं का? गॅलरीत सगळ्या बायका बसल्या होत्या. तुझा हात मऊ म्हणून ती नेहमी तुझं कौतुक करायची, लहान मापाची बांगडीसुद्धा सरकन चढायची. त्या दिवशी तिने तुझा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला आणि थांबली. पुन्हा दाबला, तेव्हा तू ओठ आत घेतलेस. ती हळूच म्हणाली, वहिनी, हे कुणाला तरी दाखवा. तू हसून म्हणालीस, लग्नाची धावपळ आहे, सूज उतरेल. तिने मोठं माप काढलं. लहान मापाच्या हिरव्या बांगड्या तू माझ्या हातात भरायला लावल्यास, आणि मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

नाक्यावरचा डॉक्टर सुई द्यायचा, त्याने चार दिवस बरं वाटायचं. मग कुणीतरी त्या पुड्यावाल्याचा पत्ता दिला. वर्तमानपत्राच्या कागदातली पांढरी पूड, सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर. नाव नाही, गाव नाही. आणि तू खरोखर बरी झालीस. हात हलके झाले, चेहरा भरला, गाल गोल झाले. बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली हो तुमची. त्या वर्षी गणपतीत तू फुगडी घातलीस. मी कॉलेजच्या मैत्रिणींना घरी आणून तुला दाखवलं होतं, ही माझी आई. पुढे पुड्या वाढल्या, वरून दुखायच्या गोळ्याही तू घ्यायला लागलीस. पोटात जळजळ होते म्हणून सोलकढी प्यायचीस. आणि मग ती सकाळ, तुला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली आणि बाबा तुला टॅक्सीत घालून परळला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ह्या काय घेत होत्या? बाबांनी खिशातून पुडी काढून दिली. डॉक्टरांनी ती हुंगली, बाजूला ठेवली आणि तुझे हात उलटे करून बघितले. तोपर्यंत तुझी बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, वाऱ्याने झुकलेल्या रोपांसारखी. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, इतक्या जवळ राहता, आधी का नाही आणलं? बाबा हात जोडून उभे होते.

"हात दुखतात म्हणून कोण हॉस्पिटलात येतं, साहेब?"

त्या हॉस्पिटलाबाहेरच्या फुटपाथवर लांबलांबच्या गावांची माणसं चुली मांडून राहायची. आपण त्यांना ओलांडून भाजी आणायला जायचो. बाबांचं ते वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आले आहे, आणि त्यात मला अजून खोट सापडलेली नाही. आपल्याकडे हॉस्पिटल मरायला टेकलेल्यांसाठी होतं. तू दोन रात्री काढल्यास आणि गेलीस.

माझे रिपोर्ट आले तेव्हा मी हे सगळं त्या डॉक्टरमुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बाहेर माणसं ताटकळत होती तरी. म्हणाली, त्या पुडीत काय होतं ते मी आता खात्रीने सांगू शकत नाही, पण बहुतेक स्टेरॉइड असणार, आणि वर दुखायच्या गोळ्या. त्याने दुखणं झाकलं जातं, आत आजार चालूच राहतो, आणि पोटाला आतून जखमा होऊन रक्त सुटतं. मग तिने मला समजेल असं सांगितलं. म्हातारपणी गुडघे झिजतात ते निराळं, ते चालल्यावर दुखतं आणि बसल्यावर थांबतं. हा तुमचा, आणि बहुतेक तुमच्या आईचाही, आजार उलटा. ह्यात शरीराची स्वतःची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उठते. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जात असेल, सूज काही आठवड्यांत उतरत नसेल, दोन्ही हातांना सारखं होत असेल, तर थांबायचं नाही. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे बहुतेक वाचतात. एकदा वाकले की सरळ होत नाहीत.

मी विचारलं, तेव्हा औषध होतं का? माझ्या आईच्या वेळी?

ती म्हणाली, "होतं. आजच्याइतकी औषधं नव्हती, पण होती."

मला वाटलं, तिने खोटं बोलायला हवं होतं. नंतर वाटलं, बरं झालं नाही बोलली.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज चुकूनही नाही, हे तिने माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मधूनमधून रक्त तपासतात. एखादाच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, असंही बजावलं. निघताना विचारलं, घरी सोबत कोण आहे? मी म्हटलं, आहेत सगळे. ती म्हणाली, मग छान. दाराची मूठ मी बदलून घेतली आहे, आता कोपरानेसुद्धा उघडेल अशी दांडी बसवली आहे. कचरेवाल्या बाई म्हणाल्या, बरं केलंत, त्या दिवशी मला वाटलं तुम्ही रागावलात. मी त्यांना चहा विचारला. त्या उभ्यानेच प्यायल्या, गाडी दाराशी ठेवून. आता कधीकधी पितात.

औषधाला गुण यायला काही महिने लागले. मधल्या काळात रोज सकाळी मी पलंगाच्या काठावर हात मांडीवर ठेवून बसायचे. काही करता यायचं नाही, फोनसुद्धा उचलता यायचा नाही. सगळी इमारत बंद दारांआड झोपलेली. पण तो एक तास मला एकटं वाटत नव्हतं, आई. तू तशीच बसलेली असायचीस, गप्प, आणि आपण दोघी बोटं उघडायची वाट बघायचो. घरात इतक्या वर्षांत कुणी माझ्याबरोबर एवढा वेळ बसलं नव्हतं.

आता सकाळी जाग येते तेव्हा हात मोकळे असतात. डॉक्टर खूश आहे, तुमचे सांधे वाचले म्हणते, आणि ते खरंच आहे. हे मी आज माझ्या हाताने, न थांबता लिहिलं. पाठवायला पत्ता नाही, आणि दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावं असंही नाही. एक गोष्ट तेवढी डॉक्टरला सांगितलेली नाही. मी बरी झाले, आणि मला तो तास हवा होता.