राजवाड्यात जेवणारा एकटा सरदार

तीर्थरूप ओर्फामावशीस,

हॉलिवूडहून लायलचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, आणि काकांचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत बळावतात असं तूच म्हणायचीस.) मावशी, पुढचं बसून वाच: मी चित्रपटात आलो! पडद्यावर एकदा तरी दिसलास तर तिथे राहा, नाहीतर आयोवाला येऊन डुकरं सांभाळ, असं काकांनी बजावलं होतं ना? आता डुकरांना म्हणावं, दुसरा माणूस बघा.

झालं असं, की राजवाड्यातल्या मेजवानीचं दृश्य होतं आणि आम्हा गर्दीतल्या माणसांना सरदार करून बसवलं होतं. मला डिंकाने चिकटवलेली छातीपर्यंत दाढी, समोर भाजलेल्या कोंबड्या. आमच्यासारखे उपाशी सरदार दृश्य सुरू होण्याआधीच ताटं फस्त करतात, म्हणून इथे अन्नावर रॉकेल फवारायची पद्धत आहे. (अन्नाचा अपमान म्हणून तू रागावशील. मीही रागावतो, रोज, वास घेऊन.) पण त्या दिवशी फवारणारा आमच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. मी नाकाने खात्री केली, आणि कॅमेरा सुरू होताच तंगडी उचलून खाल्ली.

दृश्य थांबताच मिस प्रुइट तरातरा आल्या. कोणाच्या हातात काय होतं हे ध्यानात ठेवून पुढच्या खेपेला सगळं जसंच्या तसं करवणं हे त्यांचं काम. मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात दिग्दर्शक कॉर्बिनसाहेब स्वतः आले आणि म्हणाले, "याला घालवू नका. अख्ख्या राजवाड्यात हा एकटाच खरा जेवतोय." मावशी, मला रडूच आलं. माझी खुर्ची थेट नायिकेशेजारी आणली गं!

पण नायिकाबाई संवाद विसरायच्या, दृश्य पुन्हा पहिल्यापासून, आणि दरवेळी माझ्यापुढे नवी तंगडी. पहिल्या काही मी देवाचे आभार मानत खाल्ल्या, पुढच्या भिडेखातर, आणि मग डोळ्यांपुढे कोंबड्या नाचायला लागल्या. (बाकीचे सरदार लाळ गिळत माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते.) चरबीने दाढी सुटून ताटात पडली, ती पुन्हा चिकटवली. मी हात जोडले तर मिस प्रुइट म्हणाल्या, "पहिली कुणाला विचारून खाल्लीस? आता निस्तर." मी निस्तरलं. काकांपुढे ताठ मानेने उभं राहायचं होतं ना. चित्रपट लवकरच तुमच्याकडे लागेल. दोघं जरूर बघा.

तुझा लायल

ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं होतं, आणि काल आम्हाला चित्रपट दाखवला. नायिकेचा खांदा फार सुरेख आलाय. त्याच्यामागे थोडी दाढी दिसते, ती माझी. तंगडी मात्र स्पष्ट आहे.

आणखी ता. क. : मेजवानी सुरू झाली की काकांना मक्याच्या लाह्या आणायला बाहेर पाठव. परत आले की हळहळून म्हण, "अहो, आत्ताच दिसून गेला की!" मला डुकरांकडे परत जायचं नाही गं मावशी.

खोटं बोलणं जिवावर येत असेल तर एवढंच सांग, की पोर पोटभर जेवत होतं. त्या दिवसापुरतं ते अगदी खरं आहे.