साठवर अडकलेली स्क्रीन

३ नोव्हेंबर, सोम.

काल गेममध्ये परत तेच. दारातून आत वळले, समोर माणूस, आणि स्क्रीन अडकली. अर्धा सेकंद असेल. सुटली तेव्हा मी मेलेली होते. हेडफोनमध्ये अनिकेत काही बोलला नाही. अन्या गप्प बसला की समजायचं, चिडलाय.

आज फोन केला त्यानं. शेतातून, मागं ट्रॅक्टर चालू. "ताई, दोष तुजा न्हाय, मशीनचा हाय." मग इकडचं तिकडचं. मग हळूच, की बारामतीच्या एका गेमिंग कॅफेनं जोडीची स्पर्धा ठेवलीय. महिनाअखेरीला, घरूनच खेळायची. आणि तो एका मुलीबरोबर नाव देतोय. बारामतीचीच आहे, इंजिनिअरिंगला. मृण्मयी.

दे की म्हटलं, मला काय.

दहावीच्या सुट्टीत निरवांगीहून आमच्याकडं राहायला आला होता, तेव्हा याच खुर्चीत बसवून माऊस धरायला शिकवला मी याला. चुलतभाऊ, पण कधी चुलत वाटला नाही. आणि आता

५ नोव्हें., बुध.

त्यानं आमच्या गेमच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ टाकला. एकटीनं चौघांना पाडलं. मी डेअरीच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बघितला, मग बाथरूममध्ये जाऊन परत बघितला.

तिचं अख्खं नाव लिहवत नाही. इथून पुढं नुसतं मृ.

आतापर्यंत आमच्या ग्रुपात 'ती पोरगी' म्हटलं की मी. आज एकानं विचारलं, कुठली पोरगी?

व्हिडिओच्या शेवटी तिचं टेबल दिसतं. काचेचा कॅबिनेट, आत दिवे, नवंकोरं ग्राफिक्स कार्ड. असं मशीन असल्यावर कोण खेळणार नाही.

८ नोव्हें., शनि.

ठरलं. नवीन घेणं जमणार नाही, आहे तेच पळवायचं.

कॅबिनेट उघडला. उसाचं गळीत सुरू झाल्यापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते, तीच आत. पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या जाळीत, सगळीकडं. रंगाच्या जुन्या ब्रशनं काढत बसले. अण्णा ड्यूटीवरून आले, वाकून बघितलं. ते साखर कारखान्यात बॉयलरवर. म्हणाले, "ही आमचीच हाय की." आणि हसत आंघोळीला गेले.

आई म्हणाली, उद्या पाहुणे आले तर हॉलमध्ये हा पसारा दाखवायचा का. म्हटलं, कोण येणार आहेत? भाजी बघायला आत गेली. म्हणजे कोणीतरी येणार आहेत.

११ नोव्हें., मंगळ.

प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. खरवडून नवीन लावली. आधी खेळताना ९४ डिग्रीपर्यंत तापायचा आणि स्वतःच वेग कमी करायचा, म्हणून ती अडकाअडकी. आता ७५च्या वर जात नाही.

चालू होताना आपोआप उघडणारं सगळं बंद केलं. वीज वाचवायचा पर्याय चालू होता, तोही काढला. कुणी लावला होता देव जाणे. मीच असेन.

खेळले. फरक आहे. पण तीन-चार जण एकदम समोर आले की अजून गचका बसतो.

मृ. ऑनलाइन होती. तिच्या नावाखाली अन्याचं नाव. 'मॅचमध्ये.' तेवढ्या वेळात मी आईला मेथी निवडून दिली, परत येऊन बघितलं, अजून 'मॅचमध्ये.'

१४ नोव्हें., शुक्र.

शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीतून थेट बारामतीत गेले, रॅम आणली. एकच पट्टी होती माझ्यात, आता जोडी. जोडीनं टाकली की प्रोसेसरला दोन्हीकडून माल मिळतो, हे माहीत असून दोन वर्षं चालढकल केली.

सावल्या सगळ्यात खाली. गवत, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं बंद. दिसायला आता गेम भिकार दिसतो. पण पळतो!

दुकानातून निघताना वाटलं, ती इथंच कुठंतरी राहते. चौकात उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरींकडं बघत राहिले, चेहरा माहीत नसताना.

१६ नोव्हें., रवि.

वायफायचा नाद सोडला. राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत वायर ओढली. अण्णांनी स्वतः स्टूल घेतलं, खिळे मारत गेले. मधेच थांबून विचारलं, "कुनाच्या म्होरं जायचंय?"

कुणाच्या नाही म्हटलं. नेटसाठी.

"बरं," म्हणाले आणि पुढचा खिळा मागितला.

संध्याकाळी खेळले. एकदासुद्धा अडकलं नाही. वळायचं तिथं वळले, मारायचं तिथं मारलं. रडूच यायला लागलं, वेड्यासारखं. अन्याला लगेच कळवलं, आता गुळगुळीत चालतंय, बघ एकदा. त्याचा अंगठा आला. आणि 'भारी ताई'.

वाट बघितली. बोलावलं नाही. दोष मशीनचा होता ना? मशीन तर झालं.

१९ नोव्हें., बुध.

लिहायला लाज वाटते पण लिहिते. दुसरं खातं काढलं, वेगळ्या नावानं. ते दोघं मॅच शोधायला लागले की मीही त्याच क्षणी शोधायचं. कालपासून हेच. आज सापडले. मी समोरच्या बाजूला.

पहिल्यांदा मृ.नं मला मारलं. दुसऱ्यांदा मी तिला. तिसऱ्यांदा तिला जिन्याखाली गाठलं, मागून नाही, समोरून. पडली. मी खुर्चीतून उठले. आईनं आतून विचारलं काय झालं.

पण एक खटकलं. कोपऱ्यावरून कुणी झपकन आलं की तिची बंदूक किंचित उशिरा वळते. हात चुकत नाही तिचा, डोळ्याला उशिरा दिसतंय. एवढ्या भारी मशीनवर?

अन्याच्या बाजूनंच मॅच गेली. तरी मला जेवण गोड लागलं.

२२ नोव्हें., शनि.

अन्याचा फोन. मृ.चं मशीन धड चालत नाही म्हणतोय. आकडे चांगले दिसतात पण तिला मोकळं वाटत नाही. "तुला आता सगळं जमतंय, ताई. उद्याच्याला येतीस का? मी बी येतो." जवळजवळ तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला माझी गरज पडली, तीही तिच्यासाठी.

जाते म्हटलं. ते टेबल मला एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

२३ नोव्हें., रवि.

गेले. अन्या आलाच नाही, ऊसतोडीचं वाहन आलं त्यांच्याकडं. एकटीच.

ती दारात उभी होती. साधी पोरगी. चष्मा. केसांना तेल. "ताई, तुम्ही आलात, बरं झालं." किती शुद्ध बोलते. तिच्या आईनं पोहे दिले. मृ. शेजारी स्टुलावर बसली आणि मी काय करते ते बघत राहिली. मधेच म्हणाली, "अनिकेत सांगतो, त्याला सगळं तुम्ही शिकवलंत. कोपरा कसा घ्यायचा, ते पण." मी मान हलवली. तिच्याकडं न बघता.

कार्डचं सॉफ्टवेअर जुनं होतं, नवं टाकलं. मागं चालणारी चार-पाच लफडी बंद केली. आणि मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेले.

स्क्रीन साठवर होती.

एकशे चव्वेचाळीसची स्क्रीन. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकते, आणि साठच दाखवत होती. घेतल्या दिवसापासून. कुणी तो आकडा बदललाच नव्हता. कार्ड आत धो-धो चित्रं काढतंय, आणि तिच्या डोळ्यांपर्यंत निम्मीसुद्धा पोचत नाहीत.

म्हणजे ते चौघं तिनं साठवर पाडले. जिन्याखाली माझ्यासमोर आली तीही साठवर.

त्या क्षणी जे वाटलं ते मला मशीनवर ढकलता येईना. इतके दिवस तेच करत होते.

ती पाणी आणायला उठली होती. दोन क्लिकचं काम. मी आकडा न बदलताच सेटिंगची खिडकी बंद केली. ती आली तेव्हा म्हटलं, झालं, बघ आता.

तिनं खेळून बघितलं. म्हणाली, "फरक वाटतोय." वाटत नव्हता. माझ्यासाठी म्हणाली.

गेटपर्यंत सोडायला आली. भवानीनगरला घरी स्कूटीवर येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले आणि मला ते बरंच वाटलं.

२४ नोव्हें., सोम.

कामात लक्ष नाही. दुधाचा एक नमुना दोनदा तपासला, दुसरा राहिला. साहेब बोलले.

ते हरले तर अन्या परत येईल. हे असंच्या असं मनात आलं.

२६ नोव्हें., बुध.

अन्यानं विचारलं, तिच्यात काय निघालं? किरकोळ, म्हटलं. "तरी बी ती लय चांगली खेळती, न्हाय?"

हो म्हटलं. निदान याबाबत तरी खोटं कशाला सांगू.

२७ नोव्हें., गुरु.

फोन केला. मृ.ला. घरात नको म्हणून कामावरून निघताना पार्किंगमध्ये. सगळे आपापल्या मोटारसायकली काढत होते, ती म्हणत होती ऐकू येत नाही. दोनदा सांगावं लागलं. डिस्प्लेचं सेटिंग, त्यात पुढचं पान, तिथं साठ आहे ते एकशे चव्वेचाळीस कर.

ती फोन ठेवून करायला गेली. परत आली तेव्हा आवाजच बदललेला. "ताई, हे वेगळंच आहे. हे किती वेगळं आहे."

मग थोडं थांबून, "हे रविवारी दिसलं होतं तुम्हाला?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. घरी गेल्यावर सुचलं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, हो.

"अच्छा," म्हणाली. फोन ठेवला.

३० नोव्हें., रवि.

स्पर्धा. मी खेळले नाही, कॅफेनं दाखवलं ते बघितलं. पहिली फेरी जिंकले. दुसरीत हरले.

मृ. सारखी जास्त वळत होती. नेम माणसाच्या पुढं जायचा आणि परत मागं यायचा. तिचा हात साठच्या सवयीचा, त्याला नव्या स्क्रीनची सवय नाही. आठवडाभर मिळाला असता तर बसला असता. मागच्या रविवारपासून आजपर्यंत आठवडाच होता.

अन्याचा फोन. "हात बसला न्हाय तिचा. शेवटी शेवटी कायतरी बदललं म्हनली मशीनमदी. मी म्हनलं, कुनी सांगितलं तुला ऐन वक्ताला? तर म्हनती, मलाच सापडलं."

मी कॉटवर बसले.

तिनं सांगितलं नाही. एका शब्दानं सगळं फिटलं असतं तिचं, आणि अन्या माझ्याशी वर्षभर बोलला नसता. तिनं स्वतःवर घेतलं. आता हेही तिच्याचकडं. खेळ तिचा, पार्टनर तिचा, आणि हा मोठेपणासुद्धा. मला राग आलाय, आणि कुणाचा ते कळत नाही.

अन्याला सांगायला तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, "ताई, भरायला गाडी आलीया, ठिवतो."

२ डिसेंबर, मंगळ.

पाहुणे येऊन गेले. मुलगा बँकेत. विचारलं, मोकळ्या वेळात काय करता? आईनं माझ्या आधी उत्तर दिलं, भरतकाम.

ते गेल्यावर फोन बघितला. मृ.चा मेसेज. हे जसंच्या तसं उतरवते:

'जिन्याखाली होतात त्या तुम्हीच ना? कोपरा घ्यायची पद्धत अनिकेतसारखीच आहे. मला तुमच्याशी एकदा खेळायचंय. एकाच बाजूनं नाही, समोरासमोर. हाताला सवय व्हायला मला दहा दिवस द्या.'

चिडलीय की काय ते शब्दांवरून कळत नाही. परत परत वाचलं.

शुक्रवारी, १२ तारखेला संध्याकाळी, असं कळवलं. माझी पहिली शिफ्ट आहे त्या दिवशी.

मग सावल्या परत चालू करून बघितल्या, गवतही. मशीनला झेपत होतं. तरी बंद केलं. तिच्यापुढं जाताना एक फ्रेमसुद्धा सोडणार नाही मी.

अन्याला आमच्यातलं कुणी काही बोललेलं नाही. मघाशी त्याचा मेसेज आला, १२च्याच शुक्रवारी तिघं मिळून खेळायचं का म्हणून.