एकाला नऊ पेले

दादा,

आप्पांच्या पायाचा फोटो घेऊन मी सोलापूरला डॉक्टरांकडं चाललेय. मेंढरं सोडून आलास की अंगठ्याची जखम तुलाच धुवायची आहे, म्हणून हे नीट वाच.

निळ्या कॅनमधलं पाणी मी मुद्दाम जखमेला लागतं त्याच्या दहापट खारं करून ठेवलंय, रोज मीठ मोजत बसायला नको म्हणून. ते तसंच ओतायचं नाही. एक पेला कॅनमधलं घे आणि त्यात उकळून गार केलेलं साधं पाणी नऊ पेले घाल. पेला तोच ठेव, मध्येच तांब्या घेऊ नकोस.

काल तू कॅनमधलं तसंच ओतलंस. आप्पा म्हणाले, "मेंढराचा खूर बी असाच बरा हुतोय की," आणि तू ऐकलंस. ते ओरडले नाहीत, कारण साखरेच्या आजारानं तो पाय बधिर झालाय. त्यांना काही कळतच नाही. सकाळी जखमेच्या कडा पांढऱ्या दिसल्या तेव्हा तू सगळं वहिनीवर ढकललंस. तिनं कॅनला हातसुद्धा लावला नव्हता.

अंगठ्याचं काय करायचं ते डॉक्टर आज सांगतील. आप्पांपाशी एवढ्यात काही बोलू नकोस.

पाणी झालं की थेंबभर जिभेवर घेऊन बघ. डोळ्यांतल्या पाण्याइतकंच खारट लागायला हवं. तुला ती चव ओळखता आली नाही, तर वहिनीला विचार.

पूनम