बिनखिशाचे गणवेश

दि. ४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आप्पांचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पण इथे आमच्या हॉस्पिटलात कामापायी तो पुन्हा टांगणीला लागलाय. मशीनं दुरुस्त करायचं सोडून, परीक्षा देऊन मी प्रकल्प व्यवस्थापक झाले, ती कुठल्या मुहूर्तावर कोण जाणे!

आमचा प्रकल्प असा: पेशंटच्या खाटेजवळचं मशीन ओरडलं की सिस्टरजवळच्या छोट्या फोनवर लगेच सूचना जावी. चाचणीत सगळं झकास. काल वॉर्डात गेले, तर एकीजवळही फोन नाही. सगळे टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एकमेकांवर पडून गुरगुरताहेत. विचारलं तर म्हणाल्या, ठेवू कुठे? गणवेशाला खिसाच नाही! ताई, वर्षभर मीटिंगा झोडल्या, पण खिसा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही.

साहेब म्हणाले, खिसा प्रकल्पात बसत नाही, कपड्यांच्या खात्याला विचारा. ते खातं म्हणालं, अर्ज करा, वर्षअखेर बघू. उद्घाटन मात्र सोमवारवर आलंय, आणि वॉर्ड तयार आहे म्हणून माझी सही हवी. सही केली तर कायमची जागा माझीच, असं साहेबांनी गोड बोलून सुचवलंय. डोकं नुसतं भणभणतंय.

चिडकी असले तरी तुझीच, लोभ कमी करू नकोस.
धाकटी

दि. ७ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानात शिवता शिवता एवढी हसले की बाही उलटी जोडली. पण खरं सांगू, मुकाट्याने सही करून टाक. त्या जागेसाठी किती वर्षं चपला झिजवतेस! खिसे काय, मागाहून लागतील. आप्पा अजून विचारतात, धाकटी औषध देत नाही, मशीन बनवत नाही, मग पगार कशाचा घेते? जागा मिळाली तर निदान हुद्दा तरी सांगता येईल.

बाकी ठीक. परवा इथल्या दवाखान्यात आप्पांच्या खाटेजवळचं मशीन एकदम केकाटायला लागलं. सिस्टर पार दुसऱ्या टोकाला, पडद्याआड. कुणी येईना. मी अनवाणी धावले आणि तिला हाताला धरून आणलं. श्वास अडकला होता त्यांचा. आता चहाला नावं ठेवण्याइतके बरे आहेत.

शहाण्यासारखी वाग, आणि माझ्यावर चिडलीस तरी पत्र टाक.
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

आपण काय लिहितो ते तू परत वाचतेस का गं? आधी सही कर म्हणतेस, आणि खाली आप्पांचा श्वास अडकल्याचं सांगतेस!

तुझं पत्र पर्समध्ये घेऊनच साहेबांपुढे गेले आणि सही करणार नाही म्हणाले. उद्घाटन पुढे गेलं. जागा दर वाक्याला ‘नक्की सर’ म्हणणाऱ्या एका गृहस्थाला मिळाली. रडले, लपवत नाही. आणि कहर म्हणजे आज तोच दारात हजर, खिशांचं तेवढं तुम्हीच बघा म्हणत!

फोन पडणार नाही अशा खिशाचा नमुना कापून पाठव. आणि आप्पांना सांग, मशीन ओरडलं की कुणीतरी आलं पाहिजे, एवढंच मी बघते.

रागावलेल्या बहिणीवरही माया असू दे.
धाकटी

दि. १७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

नमुना सोबत आहे. तोंडाशी दुहेरी शिलाई घालायला सांग. सही कर म्हणाले याचा मला स्वतःचाच राग येतोय, तेव्हा तू आणखी बोलू नकोस.

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. लगेच त्यांनी सिस्टरला जवळ बोलावून विचारलं, बाई, तुमच्या गणवेशाला खिसा आहे का? ती नाही म्हणाली. तेव्हापासून दिसेल त्या डॉक्टरला थांबवून सांगताहेत, खिसे लावून घ्या, जमत नसेल तर माझ्या धाकटीला बोलवा, तिचं कामच ते आहे. हुद्द्याचं नावही काढत नाहीत. डॉक्टर वैतागलेत, मीही वैतागलेय. उद्या त्यांना घरी सोडणार होते, तर आप्पा म्हणतात, खिसे बघितल्याशिवाय हलणार नाही.

आता तूच ये आणि त्यांना ने. वाट बघते.
तुझी ताई