खालून येणारं ऊन

तीर्थरूप दादास,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (उभ्यानेच करतो आहे. मान वाकत नाही, पावलं चपलेत शिरत नाहीत, आणि नाक कुठेही टेकवण्याच्या स्थितीत नाही. नमस्कार पोचला असं समज.) इकडे बाकी सगळे ठीक. तुझ्या डाव्या डोळ्याची मी चौकशी केली, त्यावर तुझं उत्तर आलं की किरकोळ आहे, कचरा गेला असेल. पाच महिने एकच कचरा डोळ्यात सांभाळून ठेवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शिवाय उत्तर वहिनींच्या अक्षरात होतं, आणि माझी पत्रंही हल्ली त्याच तुला वाचून दाखवतात. त्या म्हणतात, पांढरट मांस कडेने बुबुळावर सरकत चाललं आहे, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तू गळ उचलून तळ्याकडे चालू लागतोस. असो. तुझ्या डोळ्याविषयी मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. हे पत्र माझ्या नाकाविषयी आहे.

गेल्या रविवारी मी नेहमीसारखा इथल्या तळ्यावर गेलो. तुझी शिकवण तुला आठवत असेलच. (टोपी लागणाऱ्याने मासे बाजारातून आणावेत, असं तू मला मी दहा वर्षांचा असताना सांगितलंस आणि माझी टोपी पाण्यात टाकलीस. ती आपल्या आईने विणलेली होती, आणि मार मी खाल्ला.) ती शिकवण मी तीस वर्षं पाळली. पण या खेपेला आमच्या घरात बंड झालं. उन्हाचं मलम आणि टोपी यांच्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असं मला बजावण्यात आलं. मी टोपी घातली, मलमही लावलं. आणि लावल्या हातानेच गळाला गांडूळ लावलं. त्या मलमाला गुलाबाचा वास होता. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एका माशाने माझ्या गळाला तोंड लावलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कपाळावरचं मलम घामाबरोबर डोळ्यांत उतरलं, म्हणून मी ते सगळं पुसून टाकलं. टोपी आहे ना डोक्यावर, म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन आरशात पाहतो तर कपाळ ठणठणीत, आणि हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या आत, कानाच्या पाळ्यांच्या मागे, जिथे ऊन पोचायचं काही कारणच नाही अशा सगळ्या जागा टोमॅटोसारख्या लाल. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांची पांढरी नक्षी. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, काटा का अडला ते शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. पण हे ऊन टोपीखाली शिरलं कुठून, ते मला कळेना. खरं तर त्याचं उत्तर दुपारीच मिळालं होतं. मी ऐकलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या तळ्यावर एक बाई येतात. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. त्या अशा नखशिखांत गुंडाळून येतात की आम्ही सगळे त्यांना गाठोडं म्हणतो. (तोंडावर नाही. पण त्यांना माहीत आहे.) लांब बाह्या, बोटांपर्यंत मोजे, मान झाकणारं फडकं, आणि स्वतः शिवलेली रुंद काठाची टोपी. त्या टोपीच्या काठाला खालच्या बाजूने काळं कापड लावलेलं. मी नेहमीप्रमाणे चेष्टेने विचारलं, की बाई, खालच्या बाजूला कोण बघतंय? त्या म्हणाल्या, "पाणी बघतंय. वरचं ऊन टोपी अडवते हो, पण पाण्यावर आपटून खालून वर येतं त्याचं काय? माझ्या यजमानांच्या डोळ्यांना कुणी सांगितलं नाही ते." मग माझ्या मिचमिचणाऱ्या डोळ्यांकडे पाहून त्यांनी आपला चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या काचा होत्या त्या.

दादा, आता मी जे लिहितो त्याला हसू नकोस. मी चष्मा लावला आणि तळ्याचं झाकण निघालं. रोज जिथे नुसता पांढरा लखलखाट असतो तिथे दगड दिसले, शेवाळ दिसलं, माझ्या गळाचा दोर तिरका खाली जाताना दिसला. बोटभर लांबीच्या माशांचा थवा चालला होता आणि प्रत्येकाची सावली तळाच्या वाळूवर त्याच्याबरोबर चालली होती. आणि माझ्या पायांच्या अगदी खाली, काठाच्या सावलीत, एक हातभर लांबीचा मासा निवांत पडला होता. त्याचे कल्ले उघडत मिटत होते. तो सावकाश उठला, माझ्या गळापाशी आला, दुकानात गिऱ्हाईक घड्याळ हातात घेऊन बघतं तसं त्याने ते गुलाबी गांडूळ नीट पाहिलं आणि परत जागेवर जाऊन पडला. तीस वर्षं मी तळ्याकाठी बसून वर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत होतो, आणि खाली हे सगळं रोज चाललं होतं. मी गळ वर घेतला आणि बाईंनी चष्मा परत मागेपर्यंत नुसता बघत बसलो.

तेव्हा मला तू आठवलास आणि रडू आलं. (मलमाने नव्हे. मलम केव्हाच पुसलं होतं.) पाणी वाचायला मला तू शिकवलंस. नुसत्या तरंगावरून खाली कोणता मासा आहे ते तू सांगायचास आणि ते खरं निघायचं. चाळीस वर्षं तू पाण्याकडे उघड्या डोळ्यांनी बघतो आहेस, आणि आत काय आहे ते तू एकदाही पाहिलेलं नाहीस. मी पाहावं आणि तू पाहू नयेस, हे मला सहन होत नाही. बाई टोपी शिवायला तुझ्या डोक्याचं माप मागत आहेत. दोऱ्याने घेऊन कळव.

तुझा,
नाक सोललेला धाकटा

ता. क. १ : वहिनी, एवढं मनातल्या मनात वाचा. येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच्यासाठी घेतली आहे. ते म्हणाले, शस्त्रक्रिया लहानशी असते, पण मांस बाहुलीवर चढेपर्यंत थांबू नका. त्याला सांगा, भावाचं नाक बघायला जायचं आहे. माझी फजिती बघायला तो कुठेही येतो.

ता. क. २ : दादा, वहिनी आत्ता मध्येच गप्प झाल्या असतील. काही नाही, नाकावरच्या औषधाबद्दल विचारलं होतं.

ता. क. ३ : वहिनी, आता कागद त्याच्या हातात द्या. दादा, एवढं मी बोटभर मोठ्या अक्षरांत काढलं आहे. उजवा डोळा झाक आणि वाच. वाचता आलं तर इकडे येऊ नकोस, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलं तर कागद वहिनींना परत दे. त्या वाचून दाखवतील, आणि बॅग कुठे भरून ठेवली आहे तेही सांगतील.