बारकीचं गणित मी घेणार

६ एप्रिल, सकाळी ११

बारकी गणितात नापास. शंभरात बावीस. सकाळपासून घरात कोणी कपसुद्धा आवाज करून ठेवत नाही.

बारकी म्हणजे माझी नात. उंची पाच फूट आठ इंच. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, तेव्हाचं नाव. मोठेपणी बदलायला हवं होतं, पण आमच्याकडे वेळेवर काही बदलायची पद्धत नाही.

फेरपरीक्षा ३० मेला. फार्मसी कॉलेजने जागा तिच्या निकालापर्यंत राखून ठेवली आहे. पास झाली तर तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीची. गाडी अडली आहे ती डेरिव्हेटिव्हवर. बाकीचे धडे ती ढकलते, या धड्याला भोपळा.

चिरंजीव म्हणाले, क्लास लावू. सूनबाई म्हणाली, चौकातलाच लावू, तिथले सर नावाजलेले आहेत. मला कोणी विचारलं नाही. या घरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एकच व्यक्ती आहे आणि ती त्या वेळी भाजी निवडत होती.

संध्याकाळी ६

निश्चय. बारकीचं गणित मी घेणार.

७ एप्रिल

नावाजलेल्या सरांचा क्लास पाहून आले. फळ्यावरच्या ‘=’च्या खुणा एक इकडे, एक तिकडे. आमच्या शाळेत त्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या एकाखाली एक असत. सर फळा तळहाताने पुसतात. तोच हात पँटला. मग अर्थातच मुलं नापास होतात.

सरांना सांगितलं की आमची मुलगी येणार नाही, चिरंजीवांनी काल फोनवर नोंदवलेलं नाव काढून टाका. त्यांनी विचारलं, शिकवणार कोण. म्हटलं, मी. ते म्हणाले, अरे वा, तुम्ही शिक्षिका होता का. म्हटलं, नाही, टेलिफोन ऑफिसात होते, पण तीस वर्षांत चुकीचा नंबर जोडला नाही. ते हं म्हणाले. तो हं मला आवडला नाही.

घरी अजून बोलले नाही. योग्य वेळ पाहून सांगेन. बारकीला तेवढं कानात सांगितलं. तिला क्लासला जायचा मुळातच कंटाळा, त्यामुळे तिने माझ्या गळ्यात हात टाकले. पाचला तिने वह्या घेऊन बाहेर पडायचं आणि मागच्या जिन्याने माझ्या खोलीत यायचं, असं ठरलं.

९ एप्रिल

पहिला तास. तासाभरात समास आखून झाला.

उगीच हसण्यासारखं काही नाही. शिस्त आधी, गणित मग. लाल पेन्सिल, पट्टी, शीर्षकाखाली दोन रेघा. बारकीने विचारलं, आजी, पेपरात समासाला मार्क असतात का. म्हटलं, समास बघून तपासणाऱ्याचं मन प्रसन्न होतं. ती म्हणाली, तपासणाऱ्याकडे चारशे पेपर असतात गं. तिला काय कळणार. आमच्या शाळेत गणिताला लांब सिस्टर होती, उंचीमुळे पडलेलं नाव; तिने एकदा अख्ख्या वर्गासमोर माझी वही उंच धरली होती. गणितासाठी की अक्षरासाठी, ते आता नीट आठवत नाही. पण वही तीच.

१० एप्रिल

आज मुख्य नियम दिला. पॉवर खाली आणा, पॉवरमधून एक काढा. एक्सची पॉवर पाच असेल तर पाच खाली आले, वर उरले चार. संपलं. याला हे लोक क्लास लावत होते.

लांब सिस्टर हे बाकावर पट्टीने ताल धरून म्हणून घ्यायची. चाळीस मुली, निळ्या रिबिनी, खडूचा वास. उन्हाचा चौकोन फळ्यावर कुठवर सरकला की घंटा व्हायची, ते मी आजही बोट ठेवून दाखवीन. वर्षाच्या मध्यावर तिची बदली झाली. स्टेशनवर आम्ही सगळ्या रडलो. उरलेलं डेरिव्हेटिव्ह शिवणाच्या बाईंनी पूर्ण केलं. आठवड्यात संपवलं, इतक्या हुशार होत्या.

बारकीने दहाच्या दहा बरोबर सोडवली. मला वाटतं १५ मेपर्यंत सगळं आटपेल. मग उजळणी.

१३ एप्रिल

आज थोडा भावनिक प्रसंग. नुसता सात असेल तर त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. बारकीने कारण सांगितलं, जे बदलतच नाही त्याचा बदलाचा वेग शून्यच असणार ना आजी.

म्हणजे एक्ससारखी जी रोज रंग बदलतात त्यांना काहीतरी किंमत, आणि जो बिचारा कायम जागेवर सात म्हणून उभा राहिला त्याला शून्य. सेहेचाळीस वर्षं मी या घरात जागेवर उभी आहे. यांना जेवताना हे सांगितलं. हे म्हणाले, आमटी वाढ.

१७ एप्रिल

पुस्तकात चूक सापडली. एक भागिले एक्सचा घन. त्याला एक्सची पॉवर उणे तीन असं लिहायचं, हे मला माहीत होतं. उणे तीन खाली आले. तीनातून एक गेला, उरले दोन. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलं आहे पॉवर उणे चारचं. चार कुठून आले? काढायला सांगितलं तर पुस्तकवाल्यांनी घातला.

छापखाना. दुसरं काय. मागच्या पानावर शाईने दुरुस्ती करून ठेवली, सुवाच्य अक्षरात.

बारकी हळूच म्हणाली, आजी, उणे तीनातून आणखी एक काढला तर उणे चार नाही का होत. म्हटलं, छापलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

२१ एप्रिल

मागच्या पानांवर एकूण अकरा दुरुस्त्या. वर्गमुळांचा तर पुस्तकवाल्यांनी सत्यानाश केला आहे. पॉवर अर्धी, त्यातून एक काढा, तर म्हणे उणे अर्धी. बशीत अर्धं बिस्कीट असेल तर त्यातून अख्खं बिस्कीट कोणी काढून दाखवावं. मी अर्धीची अर्धीच ठेवली. ते सुसंस्कृत दिसतं.

प्रकाशकाला पत्र लिहायचं आहे. उद्या.

२५ एप्रिल, दुपारी ४

गुणाकार सुरू केला. दोन कंस शेजारी शेजारी. पहिल्यात एक्सचा वर्ग अधिक एक, दुसऱ्यात एक्सचा घन वजा दोन. पहिल्याचं करा, दुसऱ्याचं करा, गुणा. दोन एक्स गुणिले तीन एक्सचा वर्ग, म्हणजे सहा एक्सचा घन. अर्ध्या ओळीत. पुस्तकाने यासाठी चार ओळी घालवल्या आहेत आणि उत्तरही भलतंच. बारावी दुरुस्ती.

त्याच दिवशी, रात्री १०

हे चष्मा शोधायला खोलीत आले आणि वहीत डोकावले. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, डोकावायची सवय आहे. म्हणाले, अगं, आधी कंस गुणून घे, मग एकेकाचं कर, काय येतं बघ. गुणलं. केलं. आलं पाच एक्सची पॉवर चार, अधिक तीन एक्सचा वर्ग, वजा चार एक्स. पुस्तकात आहे नेमकं तेच.

हे नुसते भुवया वर करून गेले. न बोलता बोलायची कला या माणसाकडून शिकावी.

रात्रीपर्यंत विचार केला. निष्कर्ष: दोन्ही उत्तरं बरोबर. मोठ्या गणितात असं असणार. आमचा रस्ता जवळचा, त्यांचा लांबचा. बारकीला जवळचाच ठेवायला सांगितलं. परीक्षेत वेळ कमी असतो.

३ मे

ज्युनिअर कॉलेजची सराव परीक्षा झाली. चाळीसपैकी नऊ.

तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या पानावर लिहिलं आहे, मांडणी सुंदर. हे कोणी वाचलं नाही. सगळे खालचे नऊच वाचत बसले.

४ मे

चिरंजीव ऑफिसातून येताना क्लासमध्ये गेले. जाब विचारायला. तिथे सरांनी सांगितलं, तुमच्या आईंनी पहिल्याच दिवशी नाव काढून टाकलं. आता बॅच भरली आहे, खिडकीतही मुलं उभी असतात.

योग्य वेळ पाहून सांगणार होते, ती वेळ अशी आली.

चिरंजीव ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, आई, तुझी हौस झाली, तिचं वर्ष गेलं. सूनबाई म्हणाली, असू द्या हो, आईंना कुठे माहीत होतं. या बाईने माझी बाजू घेतली तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

मी पुस्तकातल्या चुकांचा मुद्दा काढला. चिरंजीवांनी पुस्तक उघडलं, माझ्या शाईच्या दुरुस्त्या पाहिल्या आणि मिटून ठेवलं. खूप वेळ त्या पुस्तकावर हात ठेवून बसले होते. लहानपणी ताप आला की असाच बसायचा.

बारकी आतल्या खोलीत. दाराला कडी. फार्मसी कॉलेजचं पत्रक तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, ते तिथे नाही.

५ मे

जेवले नाही. भूक नव्हती. म्हणजे होती, पण कोणी आग्रह केला नाही.

६ मे, सकाळी ७

बारकी स्वतःहून आली. डोळे सुजलेले. म्हणाली, आजी, चोवीस दिवस आहेत, क्लास तर मिळत नाही, आपण दोघीच करू. पण आता मी सांगणार आणि तू लिहायचं. मला मोठ्याने सांगितलं की कळतं, आणि तुझ्याइतकं उलटसुलट दुसरं कोणी विचारत नाही.

पोरीला माझ्यावाचून करमत नाही, हेच खरं. तिने मला एक अट घातली, पेन हातात धरायचं नाही, पेन्सिल धरायची. शाईची बाटली तिने कपाटावर ठेवली. माझा हात पोचत नाही, तिचा पोचतो.

८ मे

नवी पद्धत उत्तम चालली आहे. मी न समजल्याचं नाटक करते, म्हणजे तिला समजावून सांगावं लागतं आणि तिचा पाया पक्का होतो. आज उणे तीन आणि उणे चारच्या बाबतीत इतकं हुबेहूब नाटक केलं की तिला चार वेळा सांगावं लागलं. शेवटी जिन्यावर नेलं. तळघराच्या तीन पायऱ्या उतरून उभं केलं आणि म्हणाली, आता आणखी एक उतर. उतरले. किती झाल्या, म्हणाली. चार.

गुडघे दुखताहेत. पण तिला कळलं.

११ मे

बारकीने मला बाराच्या बारा दुरुस्त्या खोडायला बसवलं. खोडताना पुस्तकाचं पान फाटलं. प्रकाशकाला पत्र लिहिलं नाही ते बरं केलं. त्यांना उगाच लाजल्यासारखं झालं असतं.

१४ मे

गुणाकाराचा नियम. बारकीने असा सांगितला: आजी, तू आणि आई दोघी एकदम बाहेर पडता का? नाही ना? एक बाहेर जाते तेव्हा दुसरी घर सांभाळते. मग उलट. तसं पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह घे, दुसरा जसाच्या तसा राहू दे. मग दुसऱ्याचं घे, पहिला तसाच. आणि दोन्हींची बेरीज.

मी विचारलं, माझ्या वाट्याला घर सांभाळणं किती वेळा येतं, ते हिशेबात धरलंय का. ती म्हणाली, पाळी सारखीच असते आजी. मी म्हटलं, गणितात असेल.

तिला हसू आलं. सराव परीक्षेनंतर पहिल्यांदा. नियम मला तिथल्या तिथे समजला, पण आणखी दोनदा विचारला.

१९ मे

बारकीने माझी चाचणी घेतली. वीसपैकी चार. चार कसे, यावर मी वाद घातला. तिने पाऊण तास एकेक पायरी पटवून दिली. शेवटी तीन केले.

चिरंजीव दाराशी उभे राहून ऐकत होते. जाताना माझा चहाचा कप भरून ठेवून गेले. साखर विसरले, पण मी तसाच प्यायले.

२६ मे

आजची चाचणी: वीसपैकी नऊ. प्रगती कोणाची आहे हे सांगायला नकोच. विद्यार्थिनीला शिकवण्याचा आत्मविश्वास यावा म्हणून मी हळूहळू वर येते आहे.

बारकी रोज पहाटे उठून स्वतःची गणितं वेगळी सोडवते. ती मला दाखवत नाही. माझ्यावर ताण नको म्हणून असणार.

३० मे, सकाळी ९

बारकी पेपरला गेली. फाटकापर्यंत गेले. तिला शेवटचं सांगितलं, अक्षर नीट काढ. ती म्हणाली, हो आजी. मग परत वळून म्हणाली, तू भागाकाराचा नियम अजून गोंधळते आहेस, येईपर्यंत पाच सोडवून ठेव.

दुपारी १

दोन सोडवली. मधे तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. गणितामुळे नव्हे.

१२ जून

पास. शंभरात अडुसष्ट. कॉलेजात फोन केला, जागा तिची. सूनबाई भिंतीला टेकून रडली. मी तिला पदर दिला. चिरंजीवांनी बारकीचा कान धरला, मग सोडला, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, आई, शिकवलंस खरं.

नम्रपणे मान हलवली. चाळीस वर्षांपूर्वी शिक्षिका झाले असते तर किती मुलींचं कल्याण झालं असतं, हा विचार मनात आला आणि डोळे भरले. निश्चय: शिकवण्या सुरू करणार. पाटी रंगवून घ्यावी.

१५ जून, संध्याकाळी ५

तिसऱ्या मजल्यावरची दंतवैद्यीण आली. बिस्किटांचा डबा घेऊन. तिची मुलगी डेरिव्हेटिव्हमध्ये अडकली आहे. मी ताठ बसले. म्हटलं, मला वेळ कमी असतो, पण शेजारधर्म म्हणून बघू.

ती गडबडली. चमच्याने चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, नाही हो काकू, बारकीशी बोलणं झालंय, कॉलेज सुरू होईपर्यंत ती शिकवेल, मंगळवार आणि शुक्रवार. मी फक्त तुमचं टेबल वापरलं तर चालेल का, एवढंच विचारायला आले. आणि माझी एकटी बुजते, तर बारकी म्हणाली की तिच्याकडे आधीची एक विद्यार्थिनी आहे, सोबत होईल.

मी विचारलं, कोण विद्यार्थिनी.

दंतवैद्यिणीने बिस्कीट उचललं आणि पूर्ण संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. तेवढ्यात बारकी आतून ओरडली, आजी, तुझा भागाकार राहिलाय, मंगळवारी दोघींची चाचणी आहे.

मुलगी सोळा वर्षांची आहे. माझ्या शेजारी बसणार. तिच्या वहीत बघायचं नाही, असं बारकीने मला आत्ताच बजावून ठेवलं आहे.